बंदी ६१ दिवसांची, गोळ्या ३० दिवसांच्या

आज डिझेल परताव्याबद्दल नाही, एलईडीवाल्यांबद्दलही नाही. आज गोळ्यांबद्दल लिहितोय. थोडं लांबलंय, पण बोटमालकांनी आणि विशेष करून घरातल्या बायकांनी शेवटपर्यंत वाचा, कारण डबा त्याच भरून देतात.

माझी मोठी बहीण इंदूरला असते. लग्न होऊन गेली त्याला तेहतीस वर्षं झाली. तिकडे मराठी माणसं होळकरांच्या काळापासून आहेत, त्यामुळे तिची भाषा शाबूत आहे, फक्त मध्येच एखादं "अच्छा" आणि "भिया" येतं. दरवर्षी मे महिन्यात ती आंब्याला म्हणून देवगडला येते. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, तिथून पुढे आपल्याकडे. पाऊस लागला, बोटी वर घेऊन शाकारल्या की परत जाते. म्हणजे दीड महिना तरी राहते.

ताईला साखर आहे, प्रेशर आहे, थायरॉईड आहे. भाचा इंदूरलाच एका कंपनीत कामाला. कंपनीच्या ग्रुप विम्यात त्याने आईवडिलांना घेतलंय आणि त्या विम्यात बाहेरच्या औषधांचाही खर्च मिळतो. आपल्याकडे असं फारसं ऐकायला मिळत नाही, म्हणून मला कौतुकच वाटलं होतं. मोबाईलवर डॉक्टरची चिठ्ठी टाकायची, गोळ्या घरपोच येतात.

यंदा ती आली आणि एकविसाव्या दिवशी तिची प्रेशरची पट्टी संपत आली. भाच्याने तिकडून मागणी टाकली तर अ‍ॅप म्हणतं, अजून चार दिवस थांबा. एका वेळी फक्त ३० दिवसांच्या गोळ्या, आणि पुढच्या गोळ्या २५ दिवस पूर्ण झाल्याशिवाय नाहीत. बरं, थांबलो. चार दिवसांनी टाकली तर पत्ता इंदूरचाच हवा, देवगडचा पिनकोड त्यांच्या यादीत नाही. भाच्याने फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली, पण सिस्टीम घेत नाही म्हणाली. निघण्यापूर्वी साठ दिवसांच्या मागितल्या असत्या तर? तेही सिस्टीम घेत नाही.

गंमत बघा. इंदूरला दवा बाजार म्हणून औषधांचा एवढा मोठा घाऊक बाजार आहे की आजूबाजूच्या जिल्ह्यांतले दुकानदार तिथून माल उचलतात. त्या शहरातल्या बाईला स्वतःच्या गोळ्या महिन्याच्या वर मिळेनात.

आम्ही इथल्या मेडिकलमधून घेतल्या. तिच्या कंपनीची गोळी नव्हती, त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची मिळाली. पण ताईचा विश्वास बसेना. रंग वेगळा, आकार वेगळा. भाच्याने तिकडच्या डॉक्टरला विचारून खात्री करेपर्यंत चार दिवस तिने गोळीच घेतली नाही आणि आम्हाला सांगितलंही नाही. चक्कर आली तेव्हा कळलं. बिल पाठवलं तर विम्याने नाकारलं, कारण दुकान त्यांच्या जाळ्यातलं नाही. जाळं आपलं असो नाहीतर विमा कंपनीचं, भोकं कुठे आहेत ते मासा अडकल्यावरच कळतं.

ताईचं काही बिघडलं नाही, गावात होती, डॉक्टर जवळ होता. पण त्या चार दिवसांत मला सारखा आमचा तांडेल आठवत होता.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. ट्रॉलर घेऊन नऊ-दहा दिवसांच्या फेरीला गेले होते. तांडेलाचं प्रेशर जुनं. पाचव्या दिवशी गोळी संपली. खलाशाने विचारलं तर हसून म्हणाला, "गोळी संपली. आता बंदराक लागल्यावर घेतंय." आठव्या दिवशी पहाटे जाळं ओढताना डावा हात ढिला पडला, तोंड वाकडं झालं. बंदर बारा तासांवर. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला हॉस्पिटलात कळलं. तेव्हा ते कळून उपयोग नव्हता.

हॉस्पिटलचं बिल सरकारी योजनेत बसलं. त्याबद्दल तक्रार नाही, उलट योजना नसती तर त्याचं घर गहाण पडलं असतं. पण हिशोब बघा. माणूस पडल्यावर लाखाच्या घरातला खर्च देणारी योजना होती. तो पडू नये म्हणून लागणारी दोन-तीन रुपयांची गोळी कुणाच्याच योजनेत नव्हती. त्याच्याकडे विम्याची मर्यादा नव्हती, खिशाची होती. पट्टी दहाची, म्हणून घेतली दहा. तीही अर्धी आधीच संपलेली.

म्हणजे इंदूरच्या ताईला विमा आहे, तरी महिन्याच्या वर नाही. देवगडच्या तांडेलाला विमा नाही, म्हणून पट्टीच्या वर नाही. दोघांनाही कुणी विचारलं नाही की बाबा, तू किती दिवस घराबाहेर असणार आहेस?

माझं म्हणणं एवढंच आहे. कायम चालणारी औषधं किती दिवसांची द्यायची, ते माणूस किती दिवस दवाखान्यापासून लांब असणार त्यावर ठरलं पाहिजे. तीस हा आकडा कचेरीच्या सोयीचा आहे. आपली पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. तीस अधिक तीस साठ. एक दिवस तिथेच कमी पडला! आणि वर्षाला बारा वेळा तीस गोळ्या घेतल्या तरी ३६० होतात, वर्षात दिवस ३६५.

आपल्याला कोटा ही गोष्ट नवीन नाही. डिझेलचा कोटा असतो आणि तो का असतो हे आपल्याला पटतंही. कोटा नसेल तर कोण कुठे डिझेल विकेल सांगता येत नाही. पण तो कोटा ठरवताना बोटीचं इंजिन बघतात. चार सिलिंडर आणि सहा सिलिंडरला सारखंच डिझेल दिलं तर आपण मत्स्य खात्याच्या दारात जाऊन बसू. गोळ्यांच्या बाबतीत मात्र शाळेत शिकवणारा आणि पन्नास वाव पाण्यात राहणारा, दोघांना एकच माप.

मर्यादा घालणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. डॉक्टर डोस बदलतो, मग उरलेल्या गोळ्या फुकट जातात. कुणी घेऊन विकतो. कुणी तीन महिन्यांची औषधं उचलून पुढचा हप्ताच भरत नाही. झोपेच्या गोळ्या, नशा येणारी औषधं, यांना तर मोजमाप हवंच, त्यात वाद नाही. नवीन रुग्णाला सुरुवातीला लवकर परत बोलावणंही बरोबर, कारण गोळी लागू पडतेय का ते बघायचं असतं. सरकारी दवाखान्यात साठा कमी असला तर एकाला नव्वद दिल्यावर दुसऱ्याला काय, हाही प्रश्न खरा आहे. पण ज्याचं प्रेशर चार वर्षं एकाच गोळीवर ताब्यात आहे, त्याच्या बाबतीत यातलं काय लागू होतं?

आणि हे कुणी कधी केलंच नाही असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊन असताना, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सूचना दिल्या होत्या की प्रेशर, साखर वगैरेच्या जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं आशाताईंमार्फत किंवा उपकेंद्रातून द्यावीत. एचआयव्हीच्या ज्या रुग्णांची तब्येत स्थिर आहे त्यांनाही सरकारी केंद्रातून एकदम अनेक महिन्यांची औषधं देण्याची पद्धत आहे. म्हणजे गोळ्या आहेत, पद्धत आहे, कागदही आहेत. रस्ते बंद होते म्हणून तेव्हा केलं. आपला रस्ता तर प्रत्येक फेरीला बंद असतो.

आपल्या जिल्ह्याबद्दलही सांगायला हवं. २०१७ च्या शेवटी देशात उच्च रक्तदाबाचा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला. पाच राज्यांतले मोजके जिल्हे त्यात होते, मध्य प्रदेशातलेही होते, आणि महाराष्ट्रातून सातारा, भंडारा, वर्धा यांच्यासोबत आपला सिंधुदुर्ग होता. प्राथमिक केंद्रात प्रेशर मोजायचं, ठरलेल्या दोन-तीन गोळ्यांवरच उपचार करायचा, रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि गोळ्या एकदम महिन्याच्या द्यायच्या, असं त्याचं साधं स्वरूप. तेव्हा आठवड्याच्या ऐवजी महिन्याच्या मिळू लागल्या हीच मोठी सुधारणा होती. ती झाली तशी पुढची का होऊ नये?

परदेशातली एक गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेत आपल्या मराठी लोकांची पोरं आहेत, ती सांगतात की तिकडेही विमा कंपन्या तीस दिवसांवर अडतात, नव्वद दिवसांचं हवं तर बऱ्याचदा टपालाने मागवा म्हणतात. पण फ्लोरिडा राज्यात, जिथे आपल्यासारखी वादळं येतात, तिथे कायदाच आहे. तुमच्या भागाला चक्रीवादळाचा इशारा लागला की आधीच्या गोळ्या संपलेल्या नसल्या तरी विम्याला तीस दिवसांच्या पुन्हा द्याव्या लागतात. तारीख आली नाही म्हणून अडवता येत नाही. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. तौक्तेच्या वेळी आपल्या किनाऱ्यावर किती दिवस वीज नव्हती, रस्त्यावर किती झाडं पडली होती, ते कुणाला आठवून द्यायला नको. इशारा आला की आपण बोटी आत घेतो, दोर दुप्पट बांधतो, रॉकेल-मेणबत्त्या आणतो. गोळ्या कोण मोजतो?

आता योजनांचं. इथे आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो. कार्ड आहे म्हणजे सगळं आहे, असं वाटतं.

आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आहे ते हॉस्पिटलात दाखल होण्यासाठी. त्यात दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातली औषधं धरलेली आहेत. सोळाव्या दिवसापासून तुमचं तुम्ही. हार्टला स्टेंट बसवली तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर चुकवून चालत नाहीत, आणि एक तर बहुतेकांना कायमची. चुकवल्या तर स्टेंट बंद पडू शकते. म्हणजे स्टेंट फुकट, पंधरा दिवसांच्या गोळ्या फुकट, आणि पुढे महत्त्वाचं तेच विकत. मच्छिमारांचा अपघात विमा वेगळा. त्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर अडीच लाख, आणि अपघाताने हॉस्पिटलात जावं लागलं तर २५ हजार. आमच्या तांडेलाला तो लागू झाला नाही. झटका हा आजार, अपघात नव्हे.

ज्या बहिणी मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला, पॅकिंगला जातात त्यांनी मात्र लक्ष द्या. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू होतं. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात दाखल न होता, नुसत्या दवाखान्यातल्या गोळ्याही बसतात, नवऱ्याच्या आणि मुलांच्यासुद्धा. कापतात पण कार्ड हातात दिलेलं नाही अशी परिस्थिती असेल तर मुकादमाला विचारा. खलाशी नवरा बायकोच्या कार्डावर औषध घेऊ शकतो, हे आपल्यातल्या निम्म्या घरांना ठाऊक नसेल.

आणि सध्या सोसायटीच्या ऑफिसात एजंट येऊन बसतायत, ग्रुप मेडिक्लेम काढा म्हणून. काढायला माझा विरोध नाही. पण सही करण्याआधी विचारा, बाहेरची औषधं आहेत का? बहुतेक साध्या पॉलिसीत हॉस्पिटलच्या आधीचे महिनाभर आणि नंतरचे दोन महिने एवढंच असतं, रोजच्या गोळ्या नसतात. असतील तर एका वेळी किती दिवसांच्या देता? पुढच्या किती दिवसांनी? आमचा माणूस वेरावळ किंवा गोव्याच्या बंदरात लागला तर तिथल्या दुकानातून चालेल का? याची उत्तरं तोंडी नकोत, लिहून घ्या. शंभर-दीडशे बोटींची सोसायटी एकदम विमा घेते तेव्हा अट बदलून मागायची ताकद असते. माझा भाचा एकटा होता, त्याला सिस्टीम म्हणून गप्प बसवलं.

विमा होईल तेव्हा होईल. उद्याच करता येण्यासारखं एक आहे आणि त्याला पैसा लागत नाही. औषधांचे जे नियम आहेत, १९४५ चे, त्यात नियम ६५ मध्ये दोन गोष्टी आहेत. चिठ्ठीवर औषधाची एकूण संख्या आणि डोस लिहिलेला असायला हवा. आणि एका चिठ्ठीवर दुकानदाराने एकदाच औषध द्यायचं, पण डॉक्टरने चिठ्ठीवरच लिहिलं असेल की हे इतक्या वेळा द्यावं, तर तितक्या वेळा देता येतं. म्हणजे किल्ली डॉक्टरच्या पेनात आहे. आपण काय करतो? डॉक्टरसमोर बसून खोकला, कंबर, गुडघा सगळं सांगतो, पण "डॉक्टर, मी परवा पंधरा दिवसांच्या फेरीला जातोय" हे सांगत नाही. किंवा "जूनमध्ये गावी जातोय, दोन महिन्यांनी येईन." आपल्याकडचे नेपाळी खलाशी बंदीत घरी जातात, त्यांच्याबाबत तर हे मालकानेच सांगायला हवं. डॉक्टरला कळलं तर तो ६० लिहील, ९० लिहील, नाही लिहिलं तर का नाही ते सांगेल. परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाच्या गोळ्या खूप स्वस्त मिळतात. फक्त ताईसारखं करू नका. पाकिटावरचं कंपनीचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते जुन्या पट्टीशी ताडून बघा, मिलिग्रॅमसकट, आणि शंका आली तर लगेच विचारा. गोळी बंद ठेवून विचार करत बसू नका.

बोटीवर न्यायच्या गोळ्या पट्टीतच ठेवा, सुट्या काढून पुडीत बांधू नका, खारट दमट हवेत त्या भुकटी होतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, केबिनमध्ये, इंजिनापासून लांब. फेरी दहा दिवसांची असेल तर पंधराच्या न्या. मासळी लागली तर आपण चार दिवस जास्त थांबतो, हे मी तुम्हाला सांगायचं काय. इन्सुलिनवाल्यांनी ते बर्फात खुपसू नये. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा.

आमच्या बोटीवर आता टोकन घ्यायच्या आधी डिझेल, बर्फ, रेशन, लाईफ जॅकेट यांच्यासोबत गोळ्यांचा डबाही बघतो. पहिल्या दिवशी खलाशी हसले. दुसऱ्या फेरीला एकाने आपणहून सांगितलं की त्यालाही साखर आहे, दोन वर्षं लपवली होती, काम जाईल म्हणून. मालकांनो, हे वाक्य परत वाचा.

सोसायटीच्या येत्या सभेसाठी मी अर्ज लिहून ठेवला आहे. एक मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात बंदरावर तपासणी ठेवावी आणि ज्यांचं प्रेशर-साखर ताब्यात आहे त्यांना बंदीच्या पूर्ण ६१ दिवसांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना पुन्हा. दुसरी मागणी चक्रीवादळाच्या इशाऱ्याची. इशारा लागला की होड्या आत घ्या या दवंडीसोबत उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या आगाऊ मिळाव्यात. तिसरी आपल्या स्वतःकडेच आहे. ग्रुप विमा घ्यायचा तर औषधांच्या दिवसांची अट वाचल्याशिवाय ठराव करू नये. तांडेलाने अर्जावर पहिली सही केली आहे. उजव्या हाताने. डावा अजून जाळ्याची सुई धरत नाही.

ताई परवा गेली. ती गाडीत असतानाच भाच्याचा फोन, आईच्या या महिन्याच्या गोळ्या घरी येऊन पडल्यात.

अर्ज ऑफिसात टेबलावर आहे, सकाळी दहा ते एक. सहीला येताना घरात ज्याची कायमची औषधं चालू आहेत त्याची चिठ्ठी सोबत आणा, यादी करायला घेतली आहे.